वार्षिक लक्ष्य

निळं पेन ठेवून नेमबाईनं काळं उचललं आणि रजिस्टरात आणखी एक माणूस जन्माला घातला. नाव लांबलचक दिलं, सही आखूड. अक्षर वेगळं दिसावं म्हणून शेजारी नणंद डाव्या हातानं लिहीत होती. काचेपलीकडे नेमबाजीच्या पाच जागांपैकी एकीवर एक निवृत्त मास्तर तेवढे बंदूक रोखून बसले होते. आज खरी आलेली माणसं नऊ. साहेब तीनला यायचे होते आणि अजून अडतीस नावं हवी होती.

"वहिनी, माझ्या वर्गातली सगळी झाली," नणंद म्हणाली. "दातांचे डॉक्टर तर दोनदा येऊन गेले."

"मग तिसऱ्यांदा येऊ दे. दात काढतात, नेमही धरतील."

हे सगळं घडलं एका शब्दापायी. सार्वजनिक नेमबाजी केंद्रांना सरकारी मदत जाहीर झाली, तेव्हा अर्ज केंद्र चालवणाऱ्या नेमबाईनंच भरला होता. त्यात एक रकाना होता: वार्षिक लक्ष्य किती? केंद्रावर लक्ष्य म्हणजे गोळी मारायचा काळ्या वर्तुळांचा कागद. दुसरा अर्थ तिच्या डोक्यातही आला नाही. तिनं गोदामात जाऊन गठ्ठे मोजले आणि प्रामाणिकपणे चौदा हजार लिहिलं. कार्यालयानं ते वाचलं चौदा हजार नागरिक. मदत आली, नवं छप्पर आलं, गोळ्या अडवणारी नवी भिंत आली आणि पाठोपाठ अट आली: वर्षाला चौदा हजार माणसं, नाहीतर केंद्र बंद. तिनं चूक कळवणारी तीन पत्रं धाडली. उत्तर एकाचंच आलं. लक्ष्य वाढवता येईल, कमी करता येणार नाही.

केंद्रामागच्या दोन खोल्यांत त्या दोघींचं घर होतं. केंद्र गेलं की तेही जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. एके काळी आसपासच्या सगळ्या स्पर्धा गाजवणाऱ्या नेमबाईनं आठ महिन्यांत बंदुकीला हात लावला नव्हता. दुपार झाली की ती रजिस्टर उघडायची आणि तिला स्वतःची लाज वाटायची.

साहेब तीनच्या ठोक्याला आले. मदत मंजूर करणारे अधिकारी हेच. गेले वर्षभर ते फक्त पत्राखालच्या सहीत भेटले होते. प्रत्यक्षात शर्टाची बाही उसवलेला, दमलेला माणूस निघाला. त्यांनी शेवटचं पान आधी पाहिलं.

"चौदा हजार चार. छान."

वरचे चार मुद्दाम घातले होते; आकडा नेमका आला असता तर संशय आला असता. नेमबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"साहेब, मला एक सांगायचंय. ही माणसं..."

"बाई, ते वाक्य पूर्ण करू नका. पूर्ण केलंत तर मला लिहून घ्यावं लागेल." त्यांनी वर पाहिलं नाही. "बाकीची केंद्रं निम्म्यावर अडकलीत. तुमच्या आकड्यावर आमचा विभाग उभा आहे. आकडा वरिष्ठांकडे गेलासुद्धा."

मग रीत म्हणून ते पानं चाळू लागले. मध्येच एका मंगळवारच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा पुसून परत लावला. नेमबाईनं वाकून पाहिलं. नणंदेच्या डाव्या हातानं साहेबांचंच नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट. मंजुरीच्या पत्राखालून उचललेलं, दुसरं कुठून येणार? खरं सांगायचं तर तिला हलकंच वाटलं. संपलं एकदाचं. नणंद भिंतीकडे बघत होती.

"म्हणजे त्या मंगळवारी मी आलो होतो," साहेब म्हणाले.

त्यांचं बोट नावावरून सहीवर सरकलं.

"माझी सही अशी नसते."

त्यांनी खिशातून पेन काढलं, ती सही खोडली आणि शेजारी स्वतःची केली, सावकाश, एकही वळण न चुकवता. मग पिशवीतून एक कागद काढून तिच्यापुढे सरकवला.

"ज्यांचं लक्ष्य पूर्ण होतं, त्यांचं दहा टक्क्यांनी वाढतं. पंधरा हजार चारशे. इथे तुमची सही."

नेमबाईनं तो आकडा दोनदा वाचला आणि सही केली.

साहेब उठले. दारापर्यंत गेले आणि तिथेच घोटाळले.

"बाई, आलोच आहे तर एक गोळी मारू का? निदान माझं नाव तरी खरं होईल."

तिनं त्यांना मास्तरांच्या शेजारी बसवलं, कानांवर आवाज अडवणारे कप चढवले, समोर लक्ष्याचा कोरा कागद लावला. साहेबांनी बंदूक उचलली.

"खांद्याला घट्ट लावा," ती जरा मोठ्यानं म्हणाली. "आता श्वास धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."