उचलणारा दगड

"गुरुत्वाकर्षण ही मनाची सवय आहे, भगिनींनो!" असं औदुन म्हणाला आणि महिला मंडळाच्या सभागृहातल्या साठ-सत्तर बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. त्यात शाळेत विज्ञान शिकवणारी एक होती, बँकेची मॅनेजर होती आणि पहिल्या रांगेत माझी सख्खी धाकटी बहीण हेदिस होती. मी मागे कॉफीच्या किटल्यांपाशी उभी राहून दात-ओठ खात होते. आमच्या खाडीकाठच्या गावात हिवाळ्यात वादळाशिवाय दुसरं काही येत नाही. त्यामुळे थेट राजधानीतून, रेक्याविकहून, चमत्कार करणारा माणूस आलाय म्हटल्यावर गर्दी लोटणारच.

चमत्कार असा होता. औदुनकडे ज्वालामुखीतून निघालेला काळा दगड होता. "जी शक्ती डोंगर वर उचलते, तिला बाईची ओघळलेली छाती उचलणं काय जड?" असं म्हणून त्याने मासळीच्या कारखान्यातल्या गुद्नीला व्यासपीठावर बोलावलं. ती पातळ बनियन घालून स्टुलावर बसली. त्याने तिच्या दोन्ही हातांत एकेक जड दगड दिला आणि हात खाली सोडायला लावले. कुणाला शंका नको म्हणून अध्यक्षीणबाईंनीच टेप लावली. गळ्याखालच्या खळग्यापासून स्तनाग्रापर्यंत सत्तावीस सेंटिमीटर भरलं.

मग औदुनने गरम केलेला काळा दगड तिच्या पाठीवरून फिरवला. डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. शेवटी हातांतले दगड काढून घेऊन तिला उभं केलं आणि म्हणाला, "आता हात खाली ठेवलेस तर ही ऊर्जा तळव्यांतून गळून जाईल हं. हात मानेमागे गुंफ, बाळ. खोल श्वास घे. शाब्बास."

अध्यक्षीणबाईंनी पुन्हा मोजलं आणि किंचाळल्या, "अगंबाई, चोवीस!"

मग काय, जिकडेतिकडे एकच गलका. औदुनने मात्र हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. घरी पोचेपर्यंत हे पुन्हा उतरेल, कारण अजून शिक्का बसलेला नाही, असं त्याने आधीच सांगून टाकलं. शिक्का म्हणजे शेवाळाच्या अर्काचं इंजेक्शन, छातीत दोन्ही बाजूंना. ते उद्या सकाळी इथे आणखी एक प्रयोग झाला की दुपारी गेस्ट हाऊसवर मिळणार होतं आणि त्याचेच काय ते पैसे होते.

नाव नोंदवायला हेदिस सगळ्यात आधी उठली.

तिला मी कॉफीच्या टेबलापाशी अडवलं. "तू रेक्याविकला सर्जनकडे जाऊन आलीस ना? त्यांनी काय सांगितलं होतं?"

"चार गोष्टी सांगितल्या आणि वर म्हणाले, निवड. सिलिकॉनने भरेल, पण माझं एवढं ओघळलंय की नुसत्या भरण्याने वर जाणार नाही. वर घ्यायचं तर चिरावं लागेल आणि व्रण कायमचे राहतील. दोन्ही एकदम केलं तर ऑपरेशन मोठं. पोटाची चरबी घालायची तर थोडीच भर पडते आणि त्यातलीही काही जिरून जाते. कसं निवडायचं, ताई? हा बघ, ना चिरणं, ना टाका."

"इंजेक्शनच्या बाटलीवर काय लिहिलंय?"

"तू म्हणजे ना! सगळ्यात खुसपट." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मला लाज वाटते गं. दोन पोरांना पाजलं त्याची नाही, आरशात दिसतं त्याची. आणि एवढ्यातेवढ्याची लाज वाटते, याचीही लाज वाटते. पोहण्याच्या तलावावर मी बंद व्हायच्या वेळेला येते, ते कशासाठी, तुला माहीत नाही?"

मला माहीत होतं. मी त्या तलावावर पोहायला शिकवते. पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांनी उघड्याने साबण लावून अंघोळ करायची, हा आमच्याकडचा नियम. त्यामुळे गावातली एकूणएक छाती मी पाहिलेली आहे आणि सांगते, कुठलीही जोडी जाहिरातीतल्यासारखी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचा वर्ग संपवून मी न्हाणीत आले, तर समोर गुद्नी केसांना शाम्पू लावत होती. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं वर आणि त्यांच्याबरोबर छातीही वर. मी बघतच राहिले. तिच्या शेजारणीने केस धुवायला हात वर केले, तिचंही तेच. खाली घेतले की परत जागच्या जागी. अंगही न पुसता मी पोहण्याच्या कपड्यांवर ओव्हरकोट चढवला आणि सभागृह गाठलं. औदुनचा सकाळचा प्रयोग रंगात आला होता आणि हेदिस व्यासपीठाच्या पायरीवर, मोजून घ्यायला आपल्या पाळीची वाट बघत उभी होती.

मी तिला बाजूला सारून वर चढले आणि कोट काढला. न्हाणीत उघडं असण्याचं मला काही वाटत नाही, कारण तिथे सगळ्याच उघड्या असतात. इथे सगळ्या स्वेटरमध्ये होत्या आणि मी एकटीच ओली, अठ्ठावन्न वर्षांची, सुटलेल्या पोटाची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हे हेदिसच्या अंगावर दाखवण्यापेक्षा माझ्या अंगावर दाखवलेलं बरं होतं.

"अध्यक्षीणबाई, मला मोजा."

"अजून दगड तापला नाही," औदुन म्हणाला.

"राहू दे. नकोच आहे मला तुमचा दगड."

हात खाली सोडून एकोणतीस भरलं. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मी हात मानेमागे गुंफले, श्वास घेतला. अध्यक्षीणबाईंनी टेप दोनदा लावली. "सव्वीस," त्या हळूच म्हणाल्या. हात खाली, पुन्हा एकोणतीस.

"हात वर गेला की खांद्याबरोबर छातीची कातडीही वर ओढली जाते," मी म्हणाले. "आणि आधी हातात जड दगड देतात ते खांदे अजून खाली उतरावेत म्हणून. एवढाच चमत्कार आहे. घरी जाऊन केस विंचरा, फुकटात होईल."

"संशयी मनाला दगड फळत नाही!" औदुन गरजला.

"फळला की, औदुनमहाराज! तीन सेंटिमीटर फळला, आणि तुम्ही हातही न लावता."

माझ्यामागोमाग गुद्नी ओल्या केसांनी येऊन दारात उभी राहिली होती. तिने तिथूनच विचारलं, "मग माझ्या छातीत टोचणार होतास ते काय आहे रे?" कुणीतरी त्याच्या पेटीतली बाटली उचलली. तिच्यावर नाव नव्हतं, तारीख नव्हती, काही नव्हतं. औदुनने पेटी बंद केली आणि दुपारच्या आत गाव सोडलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका खाली मान घालून आपापले हातमोजे शोधत राहिल्या. विज्ञानाची बाई माझ्याकडे न बघता निघून गेली. हेदिस मला बाहेर गाडीपाशी सापडली.

"सगळ्यांत पहिलं नाव माझं होतं," ती म्हणाली. "आता सगळ्या गावाला कळलं मला काय हवंय ते."

"लाज त्याला वाटायला हवी, तुला कशाला?"

"तो गेला, ताई. लाज इथेच राहिली."

तिचं खरं होतं. असल्या माणसांचं दुकान दगडावर चालत नाही, आपल्या लाजेवर चालतं. जिथे चारचौघांत विचारायचीच चोरी, तिथे कुणी टेप नीट बघत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी त्याच सर्जनकडे गेलो. त्यांनी आधीच्या आणि नंतरच्या फोटोंचा गठ्ठा पुढे ठेवला. हेदिसचे कान लाल झाले होते, पण तिने मान वर करून विचारलं, "दोन्ही फोटोंत हात खाली आहेत ना?"

डॉक्टर चमकले आणि म्हणाले, "हो. बघा ना तुम्हीच."

तिने एकेक फोटो बघितला. हात खालीच होते. स्तनाग्राभोवती आणि तिथून खाली गेलेले व्रणही स्पष्ट दिसत होते, काही फिकट, काही चांगलेच जाड.

"भरायचं नाही मला. नुसतं वर घ्यायचंय," हेदिस म्हणाली. मग चिघळलं तर काय, संवेदना गेली तर काय, पुन्हा ओघळलं तर काय, असे तिने एकामागून एक प्रश्न विचारले. तासभर आम्ही तिथे होतो.

बायांनो, वर घ्या, भरून घ्या, कमी करा, नाहीतर आहे तशी राहू द्या. तुमचं अंग आहे, माझी काही हरकत नाही. फक्त जो तुम्हाला व्रण दाखवत नाही, त्याच्यापुढे बनियन काढू नका. आणि लाज वाटली तरी विचारा. हेदिसला त्या खोलीत शेवटच्या प्रश्नापर्यंत लाज वाटत होती.