लिफ्ट अडकते तो भाग

"आणि मग आई, लिफ्ट अडकली. सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधे."

विक्रमने भाकरीचा तुकडा अंबाडीच्या भाजीत दाबला आणि श्रोत्याला वाट पाहायला लावावी तेवढा वेळ तो चावत राहिला. चारुलताबाईंच्या हातातला वरणाचा डाव पातेल्याच्या काठावर थांबला.

दर रविवारी दुपारी विक्रम शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कोंडापूरहून विद्यानगरला आईकडे जेवायला येई. येताना लॅपटॉपची काळी बॅग आणत असे, कारण रविवारीसुद्धा ऑफिसचा फोन येऊ शकतो, आणि ती सोफ्यावर ठेवून पाटावर बसे. पूर्वी ऑफिसबद्दल विचारलं तर "चाललंय" एवढंच उत्तर मिळायचं. अलीकडे मात्र त्याच्या हकिकती फार सुधारल्या होत्या. त्यांना आता सुरुवात असे, शेवट असे, माणसं ओळखू येत. उभं आयुष्य वाङ्मयाच्या अध्यापनात घालवलेल्या बाईला या प्रगतीचा आनंद व्हायला हवा होता, आणि मूर्खासारखा तो झालाही होता.

"आत कोण कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"मी अन् प्रशांत सर. बस्स. पंखा बंद, सिग्नल नाही. सर घामाघूम. शेवटी बूट काढून खालीच बसले. अन् बघतो तर काय, डाव्या मोज्याला हे एवढं भोक. अंगठा बाहेर."

चारुलताबाईंनी वरण वाढलं आणि डाव खाली ठेवला. त्या भोकाशी त्यांची ओळख होती. अंगठ्याशीही होती. तो हलतो तेव्हा मागे बासरी वाजते, हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं.

हिमायतनगरातल्या एका कॉलेजात चारुलताबाई मराठी शिकवत. त्या लागल्या तेव्हा विभागात चार माणसं होती. निवृत्त झाल्या तेव्हा त्या एकट्याच विभाग होत्या आणि त्यांच्याबरोबर विभागही निवृत्त करण्यात आला. याखेरीज त्या एका त्रैमासिकात ग्रंथपरीक्षणं लिहीत. ते त्रैमासिक फारसं कुणी वाचत नसे. पण ज्यांच्या पुस्तकांवर त्यांनी लिहिलं ते लेखक निश्चित वाचत आणि पुढे सभासमारंभात त्यांना पाहून खांबाआड होत. 'टाकाऊ' हा शब्द त्या क्वचित वापरत. टाकाऊ पुस्तकाला निदान काहीतरी करायचं असतं आणि ते फसतं, असं त्यांचं मत होतं. त्यांचा खरा राग एका निराळ्या जातीवर होता, आणि तिच्यासाठी त्यांनी एकच शब्द राखून ठेवला होता: सुमार. विक्रमने त्यांचं एकही परीक्षण वाचलं नव्हतं. धावत्या बसमधून दुकानांच्या पाट्या वाचाव्यात तसं तो मराठी वाचे, पहिलं अक्षर पाहून उरलेला अंदाज.

टीव्ही त्यानेच आणून बसवला होता. मालिका-सिनेमांच्या ॲपच्या आपल्या वर्गणीत आईसाठी एक वेगळा कप्पा करून दिला, त्याला 'आई' असं नाव दिलं आणि त्यात आईला काय आवडेल याचा अंदाजही वर्तवला: पाककृती आणि तीर्थक्षेत्रं. शेजारी त्याचा स्वतःचा कप्पा होता. एका दुपारी चारुलताबाईंनी तो उघडला. माणूस कसा आहे हे कळायला त्याच्या घरातलं पुस्तकांचं कपाट पाहावं, हा त्यांचा जुना शिरस्ता. विक्रमच्या घरातल्या कपाटात नुसते शर्ट होते. इथे मात्र कपाट भरलेलं होतं. ओळीने जपानी ॲनिमे, म्हणजे चित्रमालिका, मोठ्या डोळ्यांची आणि अशक्य रंगाच्या केसांची माणसं, आणि प्रत्येक चित्राखाली एक तांबडी रेघ. जितकं पाहून झालं तितकी ती पुढे सरकलेली. चारुलताबाईंनी नावं मनाशी धरली, आपल्या कप्प्यात परत आल्या आणि पहिल्या मालिकेपासून पाहायला बसल्या. पूर्ण वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा नियम त्यांनी याआधी याहून वाईट प्रसंगी पाळला होता.

त्या थक्क झाल्या त्या या मालिकांच्या वाईटपणाने नव्हे. चित्रं सुंदर होती. पावसात भिजलेला रस्ता, वाफाळता भात, संध्याकाळचं आकाश, यांवर कुणीतरी डोळे फोडून काम केलं होतं, आणि त्या कामात कुणीतरी दुसऱ्यानेच रिकामी गोष्ट आणून ठेवली होती. एका मालिकेत एक कारकून पहिल्याच भागात ट्रकखाली मरतो आणि दुसऱ्या जगात सर्वशक्तिमान होऊन जन्मतो. त्यानंतर अकरा भाग त्याला कसलीही अडचण येत नाही. सर्वशक्तिमान माणसाच्या बारा भागांत ना वीररस निपजतो ना करुणरस, एवढी साधी गोष्ट इतक्या माणसांच्या बैठकीत एकालाही सुचली नसावी. दुसरीत शाळेतली वाद्यवृंद मंडळी एकदाही तालीम करत नाहीत आणि स्पर्धेत दुसरी येतात. पहिली आली असती तर तो निदान खोटेपणा झाला असता. जवळजवळ प्रत्येक मालिकेत एक भाग कारणावाचून समुद्रकिनाऱ्यावर घडे. शेवटचा भाग संपतच नसे. पुढचं हवं तर छापील पुस्तक विकत घ्या, असं ती मालिका प्रेक्षकाच्या तोंडावर सांगून दार लावून घेई. चारुलताबाई दुपारी दोनला बसत आणि पाचला उठत तेव्हा त्यांच्या कानशिलांवर शीर उडत असे.

त्यातल्या त्यात त्यांना संतापजनक वाटली ती ऑफिसातली मालिका. बारा भाग, एक मजला, सहा माणसं, आणि कुणालाच काही नको असतं. सातव्या भागात लिफ्ट अडकते.

तांबड्या रेघा कामाच्या दिवशी, सकाळच्या चहानंतर आणि जेवणाच्या आधी सरकतात, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. अमेरिकेचं काम, रात्रीची पाळी, असा अर्थ त्यांनी लावला. आधीच्या रविवारी विक्रमने बिघडलेल्या प्रिंटरची हकिकत सांगितली आणि त्याच्याही आधी वाढदिवसाच्या केकवरच्या चुकलेल्या नावाची. प्रिंटर कुठेही बिघडतात. संशयाचा फायदा लेखकाला द्यावा, या न्यायाने त्यांनी तो दिला होता. मोज्याने तो काढून घेतला.

"मग सर म्हणाले असतील," चारुलताबाई सावकाश म्हणाल्या, "की लहानपणी त्यांना पाव भाजायची भट्टी काढायची होती. आजोळच्या गावी. आणि वडील नको म्हणाले."

विक्रमचा घास तोंडातच राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"तू सांगणारच होतास. मग दिवे येतात. दार उघडतं. बाहेर पिवळा स्कार्फ बांधलेली नवी मुलगी उभी असते. तुमच्या ऑफिसात ती कोण?"

"आई."

"नाव तरी काय ठेवलंयस तिचं?"

"तू ते बघितलंस?"

"बाराही भाग."

"तू? कायकू?"

"तू बघतोस म्हणून."

तो हसला. लहानपणी काच फुटल्यावर हसायचा तसा. "लाइट घे ना, आई. मजा म्हणून सांगायलो."

"मजा म्हणून एकदा सांगतात. प्रिंटर हा चौथा भाग. केक दुसरा. दिवाळीच्या आधी तू काही सांगतच नव्हतास. म्हणजे तेव्हा नोकरी असावी."

खालच्या गल्लीत भाजीवाला तेलुगूत टोमॅटोचा भाव ओरडत गेला. तो पार कोपऱ्यावर पोचेपर्यंत विक्रम ताटाकडे पाहत होता.

"दिवाळीच्या तोंडावर गेली," तो म्हणाला. "आमची आख्खी टीमच काढली."

"कशी?"

"कॉलवर. दहा मिनिटं. प्रशांत सरांनी वाचून दाखवलं."

"वाचून?"

"हौ. त्यांना समोर लिहून दिलेलं असतं ना. डोळे असे डावीकडून उजवीकडे जात होते. ओळ संपली की परत डावीकडे."

"काय वाचलं?"

"तेच. आपण एक फॅमिली आहोत. कठीण निर्णय आहे. तुझ्या पुढच्या प्रवासाला शुभेच्छा."

"कुठल्या प्रवासाला?"

"मेट्रोच्या," विक्रम म्हणाला.

चारुलताबाई हसल्या नाहीत. त्यांना ते वाक्य लिहिणारा माणूस समोर हवा होता. प्रशांत सर नकोत. ते बिचारे वाचक. कुठल्याशा काचेच्या खोलीत बसून, हजार माणसांना पुरेल असं एकच वाक्य घडवणारा, त्यात एकाही माणसाचा वास राहणार नाही याची काळजी घेणारा, आणि मग कॉफी प्यायला उठणारा जो कोणी असेल, तो. आयुष्यभर त्यांनी बिनमहत्त्वाच्या कवींची कातडी सोलली आणि हा इसम सुटला होता. त्याच्या गद्याचं परीक्षण कुठे छापून येत नाही. पण तो लगेच हाती येण्यासारखा नव्हता, आणि समोर होता तो विक्रम.

"चोरायचंच होतं," त्या म्हणाल्या, "तर चांगल्यातून चोरायचं. इतकी वर्षं या घरात जेवलास, एवढं तरी कळायला हवं होतं. म्हणे लिफ्ट. दोन माणसांना बोलतं कसं करावं हे सुचेना की लिफ्ट अडकवतात. सुमारातली सुमार युक्ती, आणि ती तू मला, मला ऐकवतोस."

विक्रमने ताट सरकवलं.

"हे बघ. हेच. ह्याच्यासाठीच नाही सांगितलं. तू नंबर देतेस. पोरगं बेकार झालं तर तू आधी बघणार, नीट बेकार झालं का सुमार बेकार झालं."

"आवाज खाली."

"बाबा असते तर त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं असतं. ते शिव्या दिले असते, अन् मग पान खायला घेऊन गेले असते. तू मला शिव्या पण देणार नाहीस. चुका काढशील."

हिम्मतराव वीजमंडळात होते, शेतकऱ्याच्या घरातले, आणि बायकोची परीक्षणं अंक हातात घेऊन कौतुकाने उलटीसुलटी करून बघायचे. ते खरोखरच पान खायला घेऊन गेले असते. चारुलताबाईंना याचाही राग आला.

"आणि पाहायचं तर चांगलं तरी पाहावं," त्या म्हणाल्या. "जपान्यांकडे चांगलंही आहे. मी शोधलं. तुझ्या कप्प्यात त्यातलं एकही नाही."

"चांगलं बघायला दम लागतो, आई." आता त्याचा आवाज खरोखर खाली आला होता. "चांगल्या सिरीजमधे लोक काही ना काही करत असतात. लढतात, शिकतात, मरतात. सकाळी दहाला अंघोळ न करता ते बघवत नाही मला. हे बरं असतं. ह्याच्यात कोणाला काहीच जमत नाही, कोणाचं काही बिघडत पण नाही, अन् बारा भाग संपतात. दिवस संपतो."

सुमार साहित्याची अशी बाजू त्यांच्यासमोर आजवर कुणी मांडली नव्हती. ती खोडून काढता आली असती. दोन मुद्दे ओठांवर आलेही होते, आणि दोन्ही बिनतोड होते. त्या उठल्या, त्याचं ताट आपल्या ताटावर ठेवलं आणि मोरीत नेऊन नळ मोठा सोडला.

परत आल्या तेव्हा विक्रम तसाच बसला होता, उष्टा हात वर धरून.

"शेवटचा भाग का नाही बघितलास?" त्यांनी विचारलं. "बाकी सगळ्या मालिका संपवल्यास. त्या ऑफिसाची रेघ अकराव्यावर थांबलीय."

"माहितेय काय असणार ते."

"काय?"

"मजला बंद होतो. त्या ऑफिसातला कारकून किल्ली परत देतो. सगळे टाळ्या वाजवतात. झलकीत दाखवलंय."

"हात धू. बघू."

"नक्को, आई."

"वाईटच आहे. पण अर्धवट टाकून उठायचं नसतं. धू हात."

त्यांनी पडदे ओढले. विक्रमने बॅग सोफ्याच्या टोकाला सरकवली आणि मायलेकरं शेजारी शेजारी बसली. सवयीने त्याने आपलाच कप्पा उघडला. पडद्यावर सहा माणसं खोक्यांत सामान भरू लागली. एकाने कुंडी उचलली. बासरी सुरू झाली.

"ही बासरी," चारुलताबाई म्हणाल्या. "रडायचं कुठे ते प्रेक्षकाला कळणार नाही, अशी यांची खात्री असते."

"मोज्याला पण हीच होती."

"तेच तर म्हणते."

खिडकीबाहेर चेरीच्या पाकळ्या उडाल्या. या धंद्यात त्या फुकटात मिळत असाव्यात. ऑफिसातला तो कारकून मजल्यावरच्या लांब बोळातून निघाला, हातात किल्ली. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. मागल्या अकरा भागांत जी कधी दिसलीही नव्हती, तीसुद्धा आली होती. टाळ्या सुरू झाल्या. कारकुनाने वाकून नमस्कार केला आणि भट्टीवाल्या विभागप्रमुखाने किल्ली दोन्ही हातांनी घेतली.

विक्रमने रिमोट उचलला आणि न दाबता परत ठेवला.

"खोटं आहे," चारुलताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात असावा तसा सपाट होता. "असं होत नसतं. किल्ली द्यायला गेलं की समोरचा जेवायला गेलेला असतो."

विक्रमने मान वळवली.

"शिपाई म्हणाला, मॅडम, टेबलावर ठेवून जावा. टेबलावर शिपायाचाच डबा उघडलेला होता. मी विभागाची किल्ली डब्याशेजारी ठेवली. मग वाटलं, कुणी उचलली तर. म्हणून त्याचा डबा संपेपर्यंत उभी राहिले."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस." मग त्या म्हणाल्या, "आणि सांगण्यासारखं त्यात होतं काय. लिफ्टसुद्धा नव्हती."

विक्रमच्या नाकातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की दुसरा कसला, हे पाहायला त्या वळल्या नाहीत. पडद्यावर नावं सरकू लागली, शेकडो बारीक नावं, पाकळ्या काढणाऱ्यांची, बोळ रंगवणाऱ्यांची. चारुलताबाईंनी ती शेवटपर्यंत जाऊ दिली. अखेर दुसरं पर्व लवकरच येत असल्याची धमकी झळकली आणि तांबडी रेघ चित्राच्या कडेला टेकली.

"सुमार," विक्रम म्हणाला.

"अतिशय," त्या म्हणाल्या.

ऊन उतरल्यावर तो निघाला. दाराशी चपला घालत होता, म्हणून चारुलताबाईंनी सोफ्याच्या टोकाची बॅग उचलून आणायला हात घातला. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी कंबर सावरली, दंड ताठ केला आणि जोर लावून उचलली. हात नको तितका वर गेला. बॅगेत काही नव्हतं. लॅपटॉप कंपनीचा होता.

विक्रमने पाहिलं. त्यांनीही, त्याने पाहिलंय हे पाहिलं.

त्यांनी बॅग खाली घेतली, दुसरा हात तिच्या बुडाशी लावला आणि भरलेली असताना आणत तशी, पोटाशी धरून, पावलं जपत, ती दारापर्यंत नेली.

"पट्टा उसवलाय," त्या म्हणाल्या. "सांभाळून."

"हौ," तो म्हणाला.

त्याने ती खांद्याला लावली आणि तो जिना उतरू लागला. वळणापर्यंत त्याचा तो खांदा जरासा खाली झुकलेला होता.