सौरवसाहेबांची किरणपेटी

मी पेटी बोलतेय. नाव मोठं आहे, अतिनील किरणांची पेटी. रूपाचं विचारू नका. धरमपेठेतल्या सौरवसाहेबांनी स्वतःच्या लग्नातली सुटकेस फाडून मला जन्माला घातलं. आत पोळ्या गुंडाळायची चंदेरी पन्नी, हॉटेलातल्या माश्या मारायच्या यंत्राच्या निळ्या नळ्या, आणि वर डिग्रीच्या फ्रेमची काढलेली काच. त्या डिग्रीचा घराला झालेला तेवढाच उपयोग.

माझं काम बाळबोध. काचेवर सर्किटचं चित्र ठेवायचं, त्यावर लेप दिलेली तांब्याची प्लेट पालथी घालायची. माझा उजेड पडेल तिथलं तांबं पुढे औषधात विरघळतं, सावलीतलं उरतं.

साहेबांनी नोकरी सोडली होती. कूलरच्या पंपाचा टायमर बनवायचा, पाणी वाचवायचं, असा बेत. सदर बाजारातले कूलरवाले मनोहरराव होळीच्या आत नमुना मागत होते. नाही जमला तर जुन्या मालकाच्या पाया पडणं आलं. आणि साहेब तर गल्लीभर फुशारकी मारून बसलेले.

मी तयार झाले तशा त्यांच्या आई, अंजनाबाई, ताट घेऊन आल्या. नवं यंत्र म्हणजे पूजा आलीच. त्यांनी नारळ फोडला आणि तुपात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, नेमकं काचेच्या मधोमध! साहेब हात जोडून उभे. अहो, शिकलेले ना तुम्ही? झाकणावर काढ म्हणायला जीभ झडली होती काय?

पहिल्याच प्लेटवर तांब्याचं स्वस्तिक उमटलं आणि सर्किटच्या सगळ्या रेघा त्यात एकमेकींना चिकटून सर्किट बाद झालं. साहेबांना लगेच कळलं. त्यांनी फडकं उचललं.

"पुसू नोको गा," अंजनाबाई म्हणाल्या. "नव्या मशीनचं कुंकू पुसत नसतात."

फडकं खाली. दुसऱ्या दिवशी आई भाजीला गेल्या, घर रिकामं. फडकं काचेपर्यंत आलं आणि माघारी गेलं. म्हणजे भीती आईची नव्हतीच. नोकरी सोडलेल्या माणसाला अपशकुन नको होता. बायकोला, सोनिकाला, मात्र सांगितलं की औषधच बनावट निघालं. मला शिसारी आली.

होळी तोंडावर आली तेव्हा तीच प्लेट आणि मला घेऊन साहेब सदरला गेले. मनोहररावांनी प्लेट उलटसुलट पाहिली.

"सर्किटचं राहू दे गा. हे स्वस्तिक मस्त आहे. कूलरले लावू. ढीगभर बनवून दे."

चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. साहेब म्हणाले, "डिझाइन माझंच आहे."

उन्हाळाभर मी स्वस्तिकंच छापली. स्वस्तिकाशी माझं भांडण नाही. पण कूलरचे पंप दिवसभर पाणी ओढत राहिले, आणि ह्यांची कॉलर ताठ.

परवा सोनिकानं विचारलंच, टायमर काहून नाही बनवला? साहेबांनी खुशाल सांगितलं, आईनं कुंकू पुसू दिलं नाही.

अंजनाबाई आतून ऐकत होत्या. त्या उठून आल्या, पदर ओला करून माझी काच लख्ख पुसली.

"घे. बनव आता."

साहेबांनी काचेकडे पाहिलं. मग म्हणाले, "आता सीझन गेला न, आई. पुढल्या वर्षी पाहू."

माझ्या नळ्या अजून शाबूत आहेत. कोणाला खरंच काही बनवायचं असेल तर या आणि मला उचलून न्या. हा अडवणार नाही. तेवढंही त्याच्यानं व्हायचं नाही.