ब्रेकवरची जागा

"दाबू का काका?"

"दाब. पूर्ण दाब. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

व्हरांड्यात अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसलेल्या प्रेमाच्या हातात एक दाणा नको इतका चिरडला गेला. समोर गेटच्या आत जीप उभी होती आणि जीपमध्ये, ड्रायव्हरच्या सीटवर, वरच्या मजल्यावरची केतकी बसली होती. पुण्याची, चाळिशीची, उंच, आयटीतली. बेंगळुरूच्या जे. पी. नगरात भाड्याने येऊन सहा महिने झाले नाहीत, तर बाई थेट ब्रेकवर.

ब्रेकवर बसणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. प्रेमाच्या नवऱ्याच्या, उमाकांतच्या, त्या जीपची चारही चाकं जोर लावतात, त्यामुळे पुढच्या चाकाच्या मधोमधसुद्धा आसाचा जाडजूड नट असतो. तो सोडवायचा तर आत कोणीतरी ब्रेक घट्ट धरून बसावं लागतं, नाहीतर नटाबरोबर चाकच फिरतं. जीप घरात आल्यापासून ते 'कोणीतरी' म्हणजे प्रेमा. नवऱ्याने तिला कधी गजरा आणला नाही. पण "ये, ब्रेकवर बस" म्हणाला की ती हातातलं काम टाकून यायची.

यंदा तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नेमकं आत्ताच चाकाचं बेअरिंग घुमायला लागलं. "तुझा गुडघा सांभाळ, मी केतकीला सांगतो," उमाकांत म्हणाला. कोथिंबीर आणायला सांगावं इतक्या सहज म्हणाला.

प्रेमाचा नुसता जळफळाट झाला होता. तिचं माहेर चिकपेटेतलं, कित्येक पिढ्यांचं बेंगळुरी. तिच्या मराठीत 'स्वल्प' आणि 'सरी' हे कानडी शब्द घरच्यासारखे वावरायचे, आणि विमानांच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी सांगलीहून आलेला उमाकांत जन्मभर त्यावरून तिला चिडवत आला. केतकी पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा तो म्हणाला होता, "किती वर्षांनी कानाला बरं वाटलं." त्या दिवशी प्रेमाने त्याला पुन्हा सार हवं का, असं विचारलंसुद्धा नाही.

उमाकांतने पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला आणि त्यावर सगळा भार टाकला. नट ढिम्म. त्याने तेल सोडलं, थांबला, पुन्हा लोंबकळला. पाना सटकला आणि त्याची बोटं जमिनीवर घासली.

"काका, गरम करून बघायचं का? यूट्यूबवर एक जण गॅस टॉर्चने—"

"तू गप दाब गं."

ते 'गं' प्रेमाच्या काळजात गेलं. खोटं कशाला बोला, नट हलत नाही याचा तिला मनापासून आनंद झाला होता. बसू दे अजून तासभर. तिने परात बाजूला ठेवली, काठी घेतली आणि तमाशा जवळून बघायला खाली उतरली.

जीपपाशी येताच तिचं पहिलं लक्ष सीटकडे गेलं. सीट मागे सरकवली होती. इतकी वर्षं तिच्या पायांच्या मापाने एका खाचेत बसलेली सीट त्या पोरीने पार मागे नेली होती. प्रेमाच्या जिवाची आग आग झाली.

मग तिने नटाकडे बघितलं आणि तिला हसूच आलं.

उमाकांतच्या कारखान्यात एक पद्धत होती. मदतनिसाने विचारायचं, काम करणाऱ्याने उत्तर द्यायचं आणि मगच कामाला हात लावायचा. ती पद्धत त्याने घरी आणली होती. प्रेमा सीटवरून ओरडायची, "गियर?" तो म्हणायचा, "टाकला." "पाकळी?" "उचलली." "पाइप?" "बसला." आणि मग तो जोर लावायचा. पाकळी हा शब्द प्रेमाचा. नट आपोआप सैल होऊ नये म्हणून त्याची पातळ कड ठोकून आसाच्या खाचेत दाबलेली असते. ती आधी छिन्नीने उचलायची, मग नटाला हात लावायचा. आज ती कड खाचेत तशीच गाडलेली होती.

बसवा म्हणावं दुसरीला ब्रेकवर. प्रेमाने केतकीला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "काय हो, पाकळी?"

उमाकांतने वर बघितलं. "कसली पाकळी?"

"कसली म्हणजे? चेष्टा पुरे."

तो चेष्टा करत नव्हता. त्याने नटाकडे बघितलं, मग तिच्याकडे. लग्नकार्यात कोणी ओळखीचं भेटावं आणि नाव आठवू नये, तसा त्याचा चेहरा झाला होता. गेल्या महिन्यात पाव तासावरच्या बनशंकरीहून घरी यायला त्याला दोन तास लागले होते. तेव्हा त्याने रस्त्याच्या खोदकामाला शिव्या घातल्या होत्या. तिनेही घातल्या होत्या. आता तिने ते दोन तास मनात पुन्हा मोजले.

"काय झालं काकू?" केतकीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काकांचं काही राहिलं का?"

"त्यांचं नाही, माझं राहिलं," प्रेमा म्हणाली. "मी विचारायचं असतं ते विचारलंच नाही. अय्यो, ऑपरेशन झाल्यापासून माझं डोकंच चालत नाही बघ."

तिने हत्यारांच्या पेटीतून छिन्नी आणि हातोडी काढून त्याच्या हातात दिली. छिन्नी हातात येताच हाताला सगळं आठवलं. तिरकी धरून त्याने चार ठोके घातले आणि कड अलगद उचलली गेली.

"हां. पाकळी," तो पुटपुटला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

प्रेमा काठी टेकत खिडकीपाशी गेली. ऊठ, मी बसते, हे शब्द सकाळपासून तिच्या जिभेवर होते. ते तिने गिळले.

"केतकी, नीट ऐक. ह्यांना विचारल्याशिवाय ब्रेकला पाय लावायचा नाही. आधी गियर, मग पाकळी, मग पाइप. ते उत्तर देतील, मगच दाबायचं."

"किती क्यूट आहे हे, काकू."

"कारखान्याची पद्धत आहे. स्वल्प मोठ्याने विचार. आणि आजच्यापुरतं नाही. ते जीपला हात लावतील तेव्हा दर वेळी विचार. मी घरात नसले तरी."

केतकीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. तिने एकदा काकांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"गियर?" तिने विचारलं.

"टाकला."

"पाकळी?"

"उचलली." त्याचा आवाज एकदम कारखान्यातला झाला.

"पाइप?"

"बसला. दाब आता."

त्याने भार टाकला. नट कर्रकन ओरडला आणि सुटला.

"शाबास गं," उमाकांत घाम पुसत सीटकडे बघून म्हणाला.

प्रेमा जळली. ते शाबास आजवर तिचं होतं, दुसऱ्या कोणाला त्याने कधी दिलं नव्हतं. तिला वाटलं, आत्ता केतकीला हाताला धरून उतरवावं, सीट पुढे ओढावी आणि गुडघा गेला खड्ड्यात म्हणून चढून बसावं. पण ती खिडकीची कड धरून तशीच उभी राहिली आणि तिने केतकीकडून तो क्रम पहिल्यापासून पुन्हा म्हणवून घेतला.