डोळे मिटले की येणारी आई

तळवलीच्या समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर देवीचा फोटो, बाजूला भलामोठा टीव्ही आणि मधोमध लहरीमहाराज. भक्ताच्या डोक्याला ते तारांचा पट्टा बांधायचे. टीव्हीवर बारीक रेघ थरथरायची. मग माथ्यावर पंजा ठेवून महाराज म्हणायचे, "आई येतेय... आली!" आणि रेघेला खरोखरच मोठ्ठे, एकसारखे हेलकावे यायचे. देवीची लहर! तीही एचडीमध्ये.

दहावीतल्या मनस्वीला मात्र घरचं टेन्शन होतं. तिची धाकटी बहीण उन्नती हिला फिट्स यायच्या. महाराजांनी तिची लहर "स्वच्छ" ठरवून गोळ्या बंद करायला सांगितल्या, आणि आईने केल्याही. काल उन्नती जेवता जेवता कोसळली. महाराज म्हणाले, जुना आजार बाहेर पडतोय.

"आजार नाही गं आई, उन्नती पडतेय!"

"तोंड आवर. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय."

मनस्वीनेही बघितलं होतं. उन्नतीचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढताना हॉस्पिटलमधल्या ताई सांगायच्या, "डोळे मीट, आता उघड." मिटले की स्क्रीनवर हेच हेलकावे. तिथे तर देवीचा फोटोही नव्हता.

ती सरळ मंचावर जाऊन बसली. पट्टा आला, पंजा आला. तिने डोळे टक्क उघडे ठेवले. रेघ नुसती थरथरत राहिली.

"पोरीला श्रद्धा नाही," महाराज म्हणाले. लोकांना पटलं.

तिने पंजा बाजूला सारून डोळे मिटले. हेलकावे आले.

"बघा, आईने माफ केलं!" लोकांना तेही पटलं.

"मग माझ्या आजीला बसवा," मनस्वी म्हणाली. सुमित्राबाईंच्या श्रद्धेवर शंका घेणारा गावात कुणी नव्हता. "आजी, फक्त डोळे मिटू नको."

"अगो, डोक्यावं हात आला का डोले मिटतानच! देवाफुढं डोले फारून बसू?"

"फोटोतल्या आईकडे बघत बस ना."

हे आजीला आवडलं. पंजा ठेवला, मग दाबला. मंत्राचा आवाज चढला. आजी आईला डोळे भरून बघत राहिली. रेघ ढिम्म.

शेवटी महाराज कुजबुजले, "आजी, डोळे मिटा ना." माईक चालू होता.

"का?" आजी म्हणाली. "मी बगतंय ती आई नाय का?"

कुणीतरी फिसकन हसलं. मनस्वीने माईक घेतला.

"डोक्यावर हात आला की आपण सवयीने डोळे मिटतो. डोळे मिटले की मेंदूतला बघणारा भाग निवांत होतो आणि हेलकाव्यांची ही लय वाढते. शास्त्रज्ञांनी लोकांना असे पट्टे बांधून एमआरआयच्या बोगद्यात झोपवलं. इकडे लय वाढली, की तिकडे त्या भागाचं काम मंदावताना दिसलं. मेंदूत अशी कामाची बरीच जाळी आहेत. कुठल्या लयीत कुठलं जाळं चालू, कुठलं बंद, हे ते अजून शोधतायत. त्यांना सगळं कळलेलं नाही. महाराजांना कळलंय."

महाराज पट्ट्याच्या वायरी गुंडाळायला लागले.

"हात जोडा हवे तर," मनस्वी म्हणाली, "पण कुणी औषध बंद करा म्हणालं, तर आधी डॉक्टरांना विचारा. फिटची गोळी अचानक थांबवली तर जीवसुद्धा जातो."

गर्दीतून तिची आई उठली. उन्नतीचा हात तिने घट्ट धरला होता.

"मनू, खाली ये," ती म्हणाली. "दवाखाना उघडा असेल ना अजून?"