खारट जाकीट

घिवलीच्या जानू तांडेलची जीभ अख्ख्या किनाऱ्यावर प्रसिद्ध होती, आणि ती बोलण्यासाठी नव्हे. बोलायलाही ती चांगलीच तिखट होती, पण लोक यायचे ते तिने चाटावं म्हणून. कोणाच्या भावाने मुंबईहून घड्याळ आणलं, कोणाच्या मेव्हण्याने नायलॉनची साडी आणली, की आधी ती वस्तू जानूच्या ओट्यावर यायची. जानू डोळे मिटायचा, वस्तूला जिभेचं टोक लावायचा, तोंडातल्या तोंडात चव घोळवायचा आणि निकाल द्यायचा. एक तर ‘फॉरेन’, नाहीतर ‘उल्हासनगर’. त्यावर अपील नाही.

ही विद्या त्याला मिळाली कुठून, तर बहात्तर साली त्याच्या जाळ्यात एक पेटी अडकली होती. फोडली तर आत तीन डझन बूट, आणि सगळेच्या सगळे उजव्या पायाचे! दुसरा कोणी असता तर त्याने कपाळाला हात लावून पेटी परत दर्यात ढकलली असती. जानूने गावात जाहीर केलं, ‘फॉरेनला असंच घालतात.’ त्या वर्षीच्या लग्नसराईत घिवलीचे अठरा पुरुष दोन्ही पायांत उजवेच बूट घालून वरातीत लंगडत नाचले. ते बूट किती दिवस पाण्यात होते देव जाणे, खारट लागणारच. पण जानूने त्यातून शास्त्र काढलं. फॉरेनचा माल दर्यातून येतो, म्हणून खरा माल खारट लागतो. सोळा वर्षांत या शास्त्राला कोणी प्रश्न विचारला नाही. विचारणार तरी कोण? प्रत्येकाच्या कपाटात जानूने पास केलेली एक तरी वस्तू होतीच.

तर अशा या जानूच्या मुलीचं, पुष्पलताचं, लग्न ठरत होतं. स्थळ सातपाटीचं. मुलगा प्रताप, बोईसरच्या एका कारखान्यात मशीनवर होता. प्रतापचा बाप नामदेव, दोन बोटींचा मालक. मुलगी पसंत होती, बोलणी झाली होती, आणि हुंडा नको म्हणून नामदेवने चारचौघांत छाती पुढे काढून सांगितलंही होतं. फक्त पोराची एक हौस होती. भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर त्याने कुठल्याशा बॉक्सरला डोक्यावर टोपी ओढून पळताना बघितलं होतं. जाकिटालाच शिवलेली टोपी, टोपीला दोरी, पोटावर एकच मोठा खिसा. साखरपुड्याला तसलं जाकीट हवं, आणि हवं ते फॉरेनचंच.

“जानूभाऊ, तुमच्या घरातून डुप्लिकेट आलं तर सातपाटीत आमी तोंड कसं दाखवायचं?” नामदेव हसत हसत म्हणाला. हसत म्हणाला, पण म्हणाला.

“माझ्या जिभेखालून डुप्लिकेट जाईल?” जानू म्हणाला. म्हणजे आता मुलीचं लग्न आणि बापाची जीभ, दोन्ही एकाच खुंटीला टांगली गेली.

पुष्पलता बावीस वर्षांची होती. रोज सकाळच्या एसटीने ती तारापूरच्या एमआयडीसीत कपड्यांच्या एका कंपनीत जायची. तिथे ती काय करते हे जानूला नीट माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची गरजही त्याला वाटली नव्हती. कोणी विचारलं तर तो हात झटकून सांगायचा, “टोप्या शिवते कसल्या तरी.”

जाकीट आणायला जानू एकटाच बोईसरला गेला. स्टेशनबाहेर बनवारी नावाचा एक माणूस टेबल मांडून बसायचा. त्याच्या टेबलावर जाकिटांचा ढीग होता आणि तोंडात सदान्‌कदा दुबई. “आओ तांडेलजी! कल ही लाँच से उतरा है,” तो म्हणाला. जानूने एक निळं जाकीट उचललं. मऊ, जाड, आतून लव असलेलं. त्याने डोळे मिटले आणि बाही चाटली.

खारट! आणि असं तसं नाही, तोंड वाकडं होईल इतकं खारट. जानूच्या सोळा वर्षांच्या अनुभवात इतकं फॉरेन काही आलं नव्हतं. त्याने शिलाई उलटी करून बघितली. सरळ, बारीक, कुठे टाका सुटलेला नाही. “बघ बघ, याला बोलतात हात!” तो बनवारीलाच सांगू लागला. “गोऱ्या बायांचं काम. आपल्या बायांना सात जन्मांत जमायचं नाय.”

बनवारीने कसलाही वाद न घालता जाकीट कागदात गुंडाळलं.

घरी त्याच्या बायकोने, येसूबाईने, ते हातात घेऊन नुसतंच ‘अगो बाय!’ केलं. पुष्पलता कामावरून आली, तिने जाकीट बघितलं आणि पिशवी खाली ठेवायचंच विसरली.

“बाबा, हे कुठून आणलंत?”

“दुबई.”

“बाबा, हे आमच्या कंपनीतलं हाय. रंग फिका आला म्हणून परदेशच्या पार्टीनं माल परत केला. मग मालकानं तो—”

“लेबल बघ, लेबल! इंग्लिश हाय.”

“लेबल पण आमीच लावतो. नि तो बनवारी गेटासमोर पिंपात मिठाचं पाणी करून सगळे कपडे बुचकळतो, दोरीवर वाळत घालतो. आमची अख्खी शिफ्ट बघते. त्याला कोणीतरी सांगितलंय, इकडचे लोक चाटून—”

“गप!” जानू ओरडला. “पोरीला काय कळतं फॉरेनचं? टोप्या शिवून अक्कल येते होय?”

पुष्पलताने तोंड उघडलं, मिटलं आणि ती चुलीकडे निघून गेली. येसूबाई नवऱ्याकडे एकदा बघून तिच्या मागोमाग गेली.

जानूने जाकीट मांडीवर घेतलं. राग शांत होईना म्हणून तो टोपीची दोरी ओढत बसला. दोरीच्या टोकाला गाठ होती. बोटं त्या गाठीवर गेली आणि तिथेच थांबली.

आता हे नीट सांगायला हवं. जाळं विणणारे सगळे दोरा उजवीकडून फिरवतात. जानू डावरा. तो डावीकडून फिरवतो, त्यामुळे त्याच्या गाठीचा पीळ उलटा पडतो. साऱ्या किनाऱ्यावर तसली गाठ त्याची एकट्याची. पुष्पलता सहा वर्षांची असताना त्याच्या मांडीला मांडी लावून शिकली, म्हणून उजव्या हाताची असूनही गाठ मारते ती बापासारखीच. जाकिटाच्या दोरीला तीच गाठ होती. दुसऱ्या टोकालाही तीच.

गोऱ्या बायांचे म्हणून त्याने भर बाजारात ज्या हातांची आरती केली, ते हात आत चुलीपाशी भाकरी थापत होते. त्याला आनंद झाला का? खोटं कशाला सांगू, नाही झाला. त्याला आधी भीती वाटली. सोळा वर्षांची जीभ! त्याने गाठ सोडवायचा प्रयत्न केला, पण जाळ्याची गाठ ती, ओढली की आणखी आवळते. कापावी तर दोरी सुटून टोपीत जाईल. शेवटी त्याने जाकीट घडी करून, टोपी आत दुमडून ट्रंकेत ठेवलं आणि कोणाला काही बोलला नाही.

साखरपुडा चैत्रातला. उन्हाने अंगणातली वाळू पाय भाजत होती. सातपाटीहून टेंपो भरून माणसं आली. प्रतापला जाकीट दिलं आणि त्याने ते तिथल्या तिथे अंगात चढवून टोपीही डोक्यावर ओढली. घामाच्या धारा लागल्या, चेहरा उकडलेल्या कोळंबीसारखा लाल झाला, पण पठ्ठ्याने टोपी काही काढली नाही. पोरं भोवती जमली. “फॉरेन! फॉरेन!”

नामदेवची बहीण राहीबाई पालघरच्या बाजारात मासे विकायची. पापलेटाचा कल्ला उचलून ते कधी धरलं हे सांगणारी बाई. ती उठली, भाच्याजवळ गेली आणि कल्ला उचलावा तशी तिने टोपी उचलली. दोरी बोटांत धरून गाठ उन्हाकडे केली.

“जानूभाऊ,” ती म्हणाली, “दुबईला जाळी विणतात काय?”

तिने गाठीच्या पिळावरून नख फिरवलं.

“ही जाळ्याची गाठ हाय. नि पीळ उलटा हाय. डावऱ्या माणसाची.”

सगळ्यांनी जानूच्या डाव्या हाताकडे बघितलं. जानूने तो हात पाठीमागे नेला. “गोऱ्यांच्यात पण डावरे असतात,” तो म्हणाला.

“असतात ना! जास्तच असतात!” नामदेव घाईघाईने म्हणाला. त्याला सून हवी होती आणि फॉरेनचं जाकीटही हवं होतं. “राही, तू खाली बस. शिलाई बघ कशी हाय! आमच्या सूनबाई कंपनीत जातात ना, त्यांना दाखवा म्हंजे त्या पण थोडं शिकतील. पण पोरीला काय कळतं फॉरेनचं, काय जानूभाऊ?”

पुष्पलता हिरवी साडी नेसून पाटावर बसली होती. तिने मान वर केली नाही. वाक्य जानूचं होतं, शब्दन्‌शब्द त्याचा, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते त्याच्या छातीत गळासारखं रुतलं. त्याला तिचं ते उघडून मिटलेलं तोंड आठवलं. आणि मग जानू ज्याला आयुष्यभर भ्याला ते त्याच्या तोंडून निघून गेलं.

“खोटं हाय!” तो म्हणाला. “फॉरेन-बिरेन काय नाय. बोईसरचं हाय. माझ्या पोरीनं केलंय. ती गाठ तिची हाय, मी शिकवलेली. नि खारट लागतं ते मिठानं. मला काय कळत नाय, कधीच कळत नव्हतं. ते बूट पण एकाच पायाचे होते, वेड्यांनो!”

वाटलं आता आकाश कोसळेल. काही झालं नाही. लोक हसायला लागले. नामदेवने पोराची बाही चाटली आणि मान डोलावली. “खारट! खणखणीत खारट! बापाचं मन बघा लोकहो. पोरीला मोठेपणा द्यायला माणूस स्वतःच्या जिभेला खोटं पाडतो!”

त्याच्या पाठोपाठ दोघा-तिघांनी चाटून बघितलं. सगळ्यांचं मत एकच पडलं. सोळा वर्षं जानूने जे शिकवलं ते पक्कं बसलं होतं.

तेव्हा पुष्पलता पाटावरून उठली. तिने साखरेच्या पुड्याचा दोरा उचलला, दोन बोटांवर फिरवला आणि सगळ्यांसमोर ती गाठ मारली. राहीबाईने दोन्ही गाठी शेजारी शेजारी धरल्या आणि पुष्पलताच्या पाठीवर हात ठेवला.

“वा! फॉरेनची गाठ हुबेहूब उचलली की पोरीनं!” नामदेव म्हणाला.

पुष्पलताने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती प्रतापकडे बघत होती. प्रताप जवळ सरकला. टोपीच्या आतून त्याने हळूच विचारलं, “खरंच तू केलंस?”

“हो.”

घामाने निथळत तो जरा विचारात पडला. “बरं. मग कोणाला बोलू नको. फॉरेनचंच राहू दे.”

हळू बोलला, पण जानूला ऐकू गेलं. पुष्पलता हसली. तिने प्रतापच्या डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी मागे केली.

“जाकीट काढा,” ती म्हणाली. “नि बायको पण फॉरेनचीच बघा.”

एकच गलका उडाला. येसूबाईने तोंडाला पदर लावला. नामदेव लालबुंद होऊन ओरडला, “जानूभाऊ, अहो, पोरीला समजवा! भरल्या अंगणात काय बोलते!”

सगळी घिवली आणि अर्धी सातपाटी जानूच्या तोंडाकडे बघत होती. जानूने पाठीमागचा डावा हात पुढे आणला.

“तिला सगळं कळतं,” तो म्हणाला.

टेंपो परत गेला. जाकीट राहिलं. पुढे थंडीच्या दिवसांत जानू ते घालून दर्यावर जाऊ लागला. बंदरात माणसं विचारतात, “जानूभाऊ, फॉरेन ना?”

“घरचं हाय,” जानू सांगतो. “माझ्या पोरीचं काम.” आणि दोरीची गाठ पुढे करून दाखवतो.

कोणी विश्वास ठेवत नाही. त्याची पाठ वळली की कोणी ना कोणी बाही चाटून बघतो. रोज दर्यावर जाणारं जाकीट ते, खारट लागणारच.