शेपटीवर बसलेलं विमान

थोरल्या जावयाचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दिवसभर मेणात दात रोवायचे, हिरडीचा रंग जुळवायचा. बोटं अशी तयार झालेली, त्यामुळे फावल्या वेळात प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून तो छोटी विमानं करायचा. अठरा वर्षं करत होता. सासरे विमानतळावरून निवृत्त झालेले मेकॅनिक. प्रत्येक नवं विमान चष्म्यावरून न्याहाळून ते म्हणायचे, "चाकं बरोबर आहेत." तेवढ्यावर थोरला वर्ष काढायचा.

मग धाकट्या मेहुणीने लग्न केलं ते दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याशी. या साडूने थोरल्याची विमानं पाहिली, त्यालाही हौस आली, आणि त्याचं पहिलंच विमान सासऱ्यांनी अर्धा तास हातातून सोडलं नाही.

"इंजिनामागची ही काजळी," ते म्हणाले, "अशीच धरायची. पुसून पुसून खांदे भरून यायचे."

त्या दिवसापासून थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते काही औषधाने थांबणारं नव्हतं.

पुढे साडूने सासऱ्यांनी नोकरीभर सांभाळलेलं मालवाहू विमानच करायला घेतलं. थोरला एका रविवारी सहज म्हणून डोकावला. सहज कसलं, बघायलाच गेला होता. साडू विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग जुळवत होता. असल्या विमानाच्या नाकात आतून शिशाचे मणी चिकटवावे लागतात, नाहीतर ते मागे कलंडतं. थोरल्याने वाकून पाहिलं. नाक रिकामं होतं.

"दादा, काही राहिलं नाही ना? चिकटवू?" साडूने विचारलं.

"चिकटवा की," थोरला म्हणाला.

साडू तीन आठवडे खपला. चिकटपट्ट्या लावून रंगाचे थर दिले, शेपटीवरचे आकडे दोन केसांच्या ब्रशने काढले, शेवटच्या रात्री चाकं चिकटवून विमान सुकायला उलटं ठेवलं. मग सगळे सासऱ्यांकडे जमले. साडूने विमान टेबलावर ठेवलं. त्याने हात काढला मात्र, विमानाने नाक वर केलं आणि ते शेपटीवर बसलं. पोरं खिदळली. साडूचा चेहरा पडला. थोरल्याला बरं वाटलं, पण जेमतेम एक श्वासभर.

कारण सासरे हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. "अरे, हे असंच बसायचं! मागे आधी माल भरला की गेलं नाक आभाळात." त्यांनी आगकाडी मोडून शेपटीखाली लावली. "टेकू लावायचा. माझं पहिलं काम तेच. एकदा विसरलो, तर आत पायलट डबा खात बसलेला." आणि ते सांगत सुटले. अठरा वर्षांत त्यातलं एक अक्षर थोरल्याने ऐकलं नव्हतं.

निघताना जिन्यात साडूने त्याला गाठलं. "दादा, नाकात वजन घालतात म्हणे. तुम्हाला माहीत असेल."

"माहीत होतं."

"मग त्या दिवशी?"

"बोललो नाही."

साडू थोडा वेळ कठड्यावर बोट फिरवत राहिला. "वाटलंच मला," तो म्हणाला. "पुढच्या वेळी बोला." आणि वर निघून गेला. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर थोरल्याला सोपं गेलं असतं.

रस्त्याने बायकोने विचारलं, "गप्प का?" त्याने सगळं सांगून टाकलं. आता ही बोल लावणार, म्हणून तो मान खाली घालून चालत राहिला.

"बाबा धाकटीच्या अक्षराचं फार कौतुक करायचे," बायको म्हणाली. "परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिची वही माळ्यावर टाकली होती."

"मग?"

"मग काय. रडली ती. परीक्षा झाल्यावर मीच शोधून दिली. अजून सगळ्यांना सांगते, ताईने वही शोधली म्हणून."